लाल नकाशा आणि न आलेला रस्ता

माझ्या नोकरीचं सगळ्यात नेमकं वर्णन माझ्या सासूबाईंनी केलं होतं. लातूरला घरी पाहुण्या आलेल्या एका बाईंनी विचारलं, "सूनबाई काय करतात?" सासूबाई म्हणाल्या, "माती वाहून गेली का ते बघते. आणि वाहून गेली, असं सरकारला सांगते." पाहुण्या बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मग सरकार काय करतं?" सासूबाई म्हणाल्या, "तिला पगार देतं."

यात चूक एकच होती. मी माती बघत नव्हते, मातीचे फोटो बघत होते. नांदेडच्या आमच्या कार्यालयात पंखा होता, संगणक होते, भिंतभर नकाशे होते, आणि खिडकीतल्या कुंडीत एक सुकलेली तुळस होती. माती म्हणायची तर तेवढ्या कुंडीतच.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर ते तसं सोपं आहे. शेतातली माती पावसानं किती वाहून जाते याचा अंदाज पाच गोष्टींच्या गुणाकारातून काढतात. पाऊस किती जोरात बडवतो, माती किती ढिली आहे, उतार किती लांब आणि किती उभा आहे, जमिनीच्या अंगावर पिकाचं पांघरूण किती आहे, आणि पाणी अडवायला माणसानं काही केलंय का. पाचव्या गोष्टीचा आकडा एक असेल तर त्याचा अर्थ 'काहीही केलेलं नाही'. आमच्या लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांचे डोंगरउतार या विषयात एकसारखे हुशार. जिकडे पाहावं तिकडे पहिला नंबर.

पाचातल्या बऱ्याच गोष्टी उपग्रहाच्या चित्रावरून कळतात. उन्हाळ्यात रानं मोकळी असताना वरून काढलेल्या चित्रात काळी माती गडद दिसते. जिथली काळी माती धुऊन जाऊन खालचा मुरूम उघडा पडलाय, तिथे फिकट चट्टा दिसतो, डोक्यावरचे केस जाऊन टक्कल पडावं तसा. दरवर्षीची चित्रं एकापुढे एक ठेवली की टक्कल कुठून कुठे सरकतंय ते दिसतं. मग आम्ही नकाशा रंगवायचा. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सांभाळा, केशरी म्हणजे वाईट, लाल म्हणजे बोलण्यात अर्थ नाही.

एकच अडचण होती. माती वाहते पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात उपग्रहाला खाली फक्त ढग दिसतात. गुन्हा घडत असतो तेव्हा आमच्या एकुलत्या एका साक्षीदाराच्या डोळ्यांवर पट्टी. ढग हटले की तो डोळे उघडतो आणि म्हणतो, "अरे, इथे माती होती ना?"

कार्यालयाच्या दारावर 'उपग्रह' हा शब्द असल्यानं नाना तऱ्हेची माणसं यायची. अर्धापूरकडचे एक केळीवाले गृहस्थ आले. म्हणाले, "आमच्या बागेतले घड कापून नेऊन राहिले कुणीतरी. जरा वरून बघा न कोण हाय ते." मी सांगितलं, "काका, या चित्रात तुमचं अख्खं घर एका ठिपक्यात बसतं. माणूस दिसत नाही." त्यांनी पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून विचारलं, "मग एवढ्या वर सोडलं कामून त्याला?"

या प्रश्नाचं उत्तर मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.

आमच्या वरिष्ठांना मात्र माणसं दिसायची नाहीत, रंग दिसायचे. एका मोठ्या बैठकीच्या आदल्या दिवशी त्यांनी नकाशा बघून कपाळाला हात लावला. "मॅडम, हे फार लाल वाटतंय. बैठकीत डोळ्यांवर येईल." मी म्हटलं, "सर, माती गेलीय म्हणून लाल आहे." ते म्हणाले, "ते बरोबर आहे हो, पण लाल कुठून सुरू करायचं ते आपल्याच हातात आहे ना?" मी नाही म्हटलं. त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या ऑपरेटरला बोलावलं, आणि त्यानं लाल रंगाची मर्यादा जरा वर सरकवली. एक ढेकूळही न हलवता एका दुपारीत एवढं मृदसंधारण अन्य कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. बैठक उत्तम झाली. नाश्त्याला चुरमुऱ्यांचा सुशीला होता.

पण मला सांगायचंय ते एका गावाविषयी. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. अहमदपूर आणि लोहा यांच्या मधल्या डोंगरउतारावरचं ते गाव. चित्रात तिथे एक फिकट पट्टा दिसायचा, उतारावरून खाली लोंबणाऱ्या जिभेसारखा. दरवर्षी ती जीभ थोडी आणखी बाहेर यायची. नकाशावर दिसलेलं जागेवर जाऊन तपासायचं असतं, म्हणून एका मे महिन्यात मी आणि आमचे ड्रायव्हर सय्यदभाई जीप घेऊन तिथे गेलो.

जिभेच्या टोकाशी एका बाईचं शेत निघालं. सुशीलाबाई कांबळे. नवरा हैदराबादला गवंडीकाम करायचा, आणि नाल्याकाठची ही जमीन बाई एकट्या करायच्या. मी गळ्यात ओळखपत्र घालून खाली उतरले तशी त्या थेट समोर आल्या.

"माती बघायला आलाव का?"

"हो."

"मग उशीर केलाव. ती गेली."

त्यांनी मला शेत दाखवलं. शेतातून एक घळ गेली होती. मी उतरून उभी राहिले तर माझं डोकं काठाच्या खाली. "मी लग्न होऊन आले तवा इथून बैलगाडी जायची," त्या म्हणाल्या. घळीच्या दोन्ही बाजूंना, जिथं सोयाबीन पेरायचं, तिथं बोटभर मुरूम आणि गोटे पसरलेले. दर पावसाळ्यात वरून यायचे. बाई उन्हाळाभर टोपल्यानं वेचून काढायच्या, पावसाळ्यात पुन्हा यायचे.

"वरचं रान कुणाचं?" मी विचारलं.

"आप्पाचं. दुसऱ्या कुणाचं ऱ्हाणार?"

शिवलिंगआप्पा म्हणजे गावातलं किराणा आणि खताचं दुकान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलणं साखरेत घोळलेलं. डोंगरउताराची सगळी जमीन त्यांची. पूर्वी त्या रानात आडवे बांध होते. ट्रॅक्टर वळवायला त्रास होतो म्हणून आप्पांनी जेसीबी लावून ते सगळे काढले आणि वरपासून खालपर्यंत एकच लांबलचक पट्टा केला. ट्रॅक्टर आता सरळ वर जायचा आणि सरळ खाली यायचा. त्या नांगराच्या तासांतून पाणीही सरळ खाली यायचं. पाण्याला एवढी चांगली सडक आमच्या तालुक्यात माणसांनाही नव्हती.

सुशीलाबाईंनी आप्पांना सांगून पाहिलं होतं. आप्पा म्हणाले होते, "बाई, पानी वरून खाली येतं, हे काय मी ठरवलं का?" तलाठ्याकडे गेल्या, त्यांनी 'नैसर्गिक' असं सांगितलं. त्यानंतर आप्पांनी त्यांच्याशी बोलणंच बंद केलं. दुकानात गेल्या तर नोकराला म्हणायचे, "काय पायजे ते विचार त्यांना." समोर उभ्या असल्या तरी.

"तुमी सांगा," त्या मला म्हणाल्या. "तुमच्यापाशी तर वरचा फोटू हाय."

मी नकाशा घेऊन दुकानात गेले. आप्पांनी चहा मागवला, माझं माहेर विचारलं. उदगीर म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "आमच्या मंडळीचं माहेर बी उदगीर! मंग तुमी ताई झालाव की आमच्या." मग मी नकाशा पसरला. कुठल्या वर्षी पट्टा कुठपर्यंत होता, बांध काढल्यावर कसा भराभरा वाढला, सगळं दाखवलं. आप्पांनी चष्मा लावून मन लावून पाहिलं.

"ताई, हे वर फिरून ऱ्हायलंय ते सरकारचं ना?"

"हो."

"आन् तुमी बी सरकारच्या?"

"हो."

"मंग साक्ष देणारा बी तुमचा आन् वकील बी तुमचा. आमी काय बोलावं? चहा घ्या."

त्यानंतर आम्ही गावात जनजागृतीचा कार्यक्रम घेतला. 'माती वाचवा, पिढी वाचवा' असा मोठा फलक लावला. भाषणं झाली, मातीला आई म्हणण्यात आलं. आप्पांनी अध्यक्षस्थान भूषवलं आणि तेच सगळ्यात छान बोलले. पुढच्या खेपेला गेले तेव्हा तो फलक त्यांच्या कडब्याच्या गंजीवर अंथरलेला होता. कडबा चांगला वाचला.

आता पुढे घडलं त्यात माझा काही हात नाही, हे आधीच सांगून टाकते.

उताराची मोजणी करायची म्हणून मी आणि सय्यदभाई शिवारात खुणा करत फिरत होतो. ठरावीक जागी खुंटी ठोकायची, दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकायचा, हातातल्या यंत्रावर जागेची नोंद घ्यायची. दोन-तीन दिवस हे चाललं. त्याच सुमारास आमच्या भागातून मोठा रस्ता जाणार अशी चर्चा पेपरात होती. गावातली चार माणसं सय्यदभाईंना चहाच्या टपरीवर गाठून विचारू लागली, कशाच्या खुणा, कशाची मोजणी. सय्यदभाईंनी आधी खरं सांगितलं, की मातीची. कुणाचा विश्वास बसेना. मातीसाठी सरकार जीपचं डिझेल जाळतं, हे पटण्यासारखं नव्हतंच. शेवटी वैतागून ते म्हणाले, "मेरेकू क्या मालूम भाई? ऊपर से आर्डर आती, हमलोगां जाते."

वरून म्हणजे वरिष्ठांकडून. पण गावानं ऐकलं ते वेगळंच. वरून फोटो काढलेत, वरून ऑर्डर आलीय, खुंट्या ठोकल्यात. संध्याकाळपर्यंत रस्ता गावाच्या उतारावरून वळण घेऊन गेलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी आप्पा जीपपाशी आले. "ताई, रोड किती रुंद हाय?"

"आप्पा, रस्ता नाही. ही मातीची पाहणी आहे."

"बरोबर हाय. तुमाला सांगता येत नसंल."

"अहो खरंच नाही."

आप्पा हसले. मागे उभ्या असलेल्यांकडे वळून म्हणाले, "बगा, आपल्या माणसाला बी सांगून नाही राहिल्या. म्हणजे लईच मोठं काम हाय."

मी ग्रामपंचायतीत जाऊन जाहीर सांगितलं, की रस्त्याचा आणि आमचा काही संबंध नाही. त्या दिवसापासून ज्यांचा विश्वास नव्हता त्यांचाही बसला. सरकारी माणूस ज्या गोष्टीला एवढ्या जोरात नाही म्हणतो, ती नसेल कशी? आयुष्यात एवढं खरं मी कधीच बोलले नव्हते, आणि एवढा वाईट परिणाम कधीच झाला नव्हता. म्हणजे चांगला. तेच तर सांगतेय.

जमीन रस्त्यात गेली तर त्यावरची झाडं आणि बांधकाम यांचा मोबदला वेगळा धरतात, हे ज्ञान गावात आधीपासून होतं. मातीविषयीचं नव्हतं, हे होतं. पाऊस तोंडावर आला आणि उतारावर झाडं लावायची झुंबड उडाली. आंबा, चिंच, सीताफळ, साग. ज्यांनी आम्ही पूर्वी वाटलेल्या मोफत रोपांच्या पिशव्यांत मिरच्या लावल्या होत्या, ते अहमदपूरहून टेम्पो भरून रोपं आणू लागले. एकानं माळावर कडुनिंब लावून त्याला स्वतःच्या बनियनचं कुंपण केलं.

आप्पा हुशार. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, समजा, नुसतं समजा, सरकारी मापात बांध कसला धरतात?"

मी म्हटलं, "आप्पा, रस्ता येणार नाही."

"न्हाईच येणार. पर बांध कसला?"

आता हा प्रश्न माझ्या खात्याचा होता, आणि शेतकऱ्यानं विचारलं तर माहिती देणं हे माझं कर्तव्य. मी सांगितलं. बांध उताराला आडवा पाहिजे, एका पातळीत पाहिजे, खाली पाया खोदून दगड बसवलेला पाहिजे, जादा पाणी निघायला सांडवा पाहिजे. उभ्या बांधाला आम्ही बांध म्हणतच नाही.

"तुमीच आखून द्या की मंग."

"आखून देते. पण रस्ता येणार नाही, हे कळलंय ना?"

"कळलंय, कळलंय," म्हणत आप्पांनी डोळा मिचकावला. साठीच्या पुढच्या, कपाळभर भस्म लावलेल्या माणसानं डोळा मिचकावलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मी चुन्यानं रेषा आखून दिल्या. पाच गोष्टींचा गुणाकार, भिंतभर नकाशे आणि मातीला आई म्हणणारी भाषणं यांना जे जमलं नव्हतं ते त्या उन्हाळ्याच्या शेवटी झालं. जेसीबीनं काढून कडेला टाकलेले दगडच पुन्हा रानात आले आणि ओळीनं बसले. आप्पांचं बघून शेजारच्यांनीही बांध घातले.

खाली सुशीलाबाई हे सगळं घळीच्या काठावर बसून बघत होत्या. मला म्हणाल्या, "म्याडम, रोड खरंच हाय का?"

"नाही हो."

"मग कुणाला सांगू नका."

"सगळ्यांना सांगतेय. कुणी ऐकत नाही."

त्या पहिल्यांदाच हसल्या. म्हणाल्या, "मी किती वर्षं खरं सांगून राहिले. मलाबी कुणी ऐकलं न्हाई."

त्या पावसाळ्यात त्यांच्या सोयाबीनवर मुरूम आला नाही. म्हणजे आला, पण टोपलीभर, पूर्वीसारखा शेतभर नाही. दुसऱ्या पावसाळ्यात घळीच्या काठांवर गवत धरलं. ढग गेल्यावर उपग्रहाचं चित्र आलं, तर जीभ होती तिथेच थांबलेली. कार्यालयात मी ते चित्र मोठं करून पुन्हा पुन्हा बघितलं. नोकरीत असा प्रसंग मला नवा होता. शेजारच्या टेबलावरून ऑपरेटरनं विचारलं, "मॅडम, काही चुकलंय का?"

मग रस्त्याची खरी आखणी जाहीर झाली. तो या गावापासून पार दूर, दुसऱ्याच बाजूनं जाणार होता.

गावात मयत झाल्यासारखी शांतता पसरली. माझ्यावर लोक नाराज झाले, आणि तेही मी खरं सांगितलं नाही म्हणून. पाऊस जवळ आला होता. एके दिवशी सकाळी सुशीलाबाईंचा फोन आला. "म्याडम, आप्पानं जेशीबी आणलाय. बांध काढून ऱ्हायलेत. आता काढले तर दोन वर्षांची अडलेली माती समदी एका पावसात माज्या रानावर येईल. मी कुठं जाऊ?"

आम्ही निघालो. सय्यदभाईंनी जीप अशी हाणली, की मी सगळ्या वाटेत डोळे मिटूनच होते. पोचलो तेव्हा जेसीबी वरच्या बांधापाशी उभा होता, आणि बांधाचं एक टोक त्यानं उचकटलेलंही होतं. तिथून ओलसर काळी माती घरंगळत होती. बांधाच्या पोटाशी दोन पावसांत ती साचली होती. खाली सुशीलाबाई स्वतःच्या शेतात उभ्या होत्या. वर आल्या नव्हत्या. वर आल्या असत्या तर दुसऱ्याच्या रानात आल्या म्हणून तोच विषय झाला असता, हे त्यांना ठाऊक होतं.

"आप्पा, थांबवा हे."

"कामून थांबवू? ट्रॅक्टर वळंना झालाय माजा. जमीन माजी, दगड माजे, जेशीबी माज्या पैशानं. तुमच्या फोटूत बगा, माजंच नाव हाय सातबाऱ्यावर."

"माती बघा की किती साचलीय. तुमचंच रान सुधारलंय."

"ताई, दोन वरसं तुमी माजी माती केली. आता बोलू नका."

कायद्याचा एकही कागद माझ्याकडे नव्हता. सय्यदभाई जेसीबीवाल्याशी बोलून बघत होते, तो म्हणाला, "मला तासाचं भाडं हाय भाऊ." मी वरिष्ठांना फोन लावला. ते म्हणाले, "मॅडम, खासगी वादात आपण पडायचं नाही," आणि मीटिंगमध्ये असल्याचं सांगून त्यांनी फोन ठेवला. मी तिथे उभी राहिले, हातात गुंडाळलेला नकाशा धरून. एवढं निरुपयोगी मला कधी वाटलं नव्हतं, आणि माझ्या नोकरीत तशी संधी बऱ्याचदा आली होती.

तेवढ्यात आप्पांची बायको आली. सगळं गाव तिला अव्वा म्हणायचं. काटकुळी बाई, डोक्यावर हंडा. ती रोज याच वेळेला येत असे. रोपांच्या त्या झुंबडीत आप्पांनीही आंबे लावले होते, पण त्यांना पाणी घालायला ते थोडेच येणार? दोन उन्हाळे खालच्या विहिरीवरून हंडे वाहून तिनं ती रोपं जगवली होती. बांधाच्या कडेला ती आता तिच्या कमरेएवढी झाली होती. जेसीबीचा पुढचा फेरा त्यांच्यावरूनच जाणार होता.

तिनं हंडा खाली ठेवला. जेसीबीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"हे काय करून राहिलाव?"

"बांध काढून ऱ्हायलो. रोड येईना झाला."

"रोड येईना तर न्हाई आला. झाडं काय रोडची हाईत?"

"तुला काय कळतं त्यातलं? घरी जा."

"मला हंडा कळतो," अव्वा म्हणाली. तिचा आवाज चढलाही नव्हता. "तुमी लावलं आन् दुकानात जाऊन बसलाव. खाली उतरायचं, भरायचं, चढायचं, ते मी केलं. पोटच्या लेकराला एवढं पानी पाजलं न्हाई मी. यातल्या एका झाडाला हात लागला तर मी उदगीरला जाते, आन् पुन्हा येत न्हाई. मंग तुमी आन् तुमचा ट्रॅक्टर बगा काय वळवायचं ते."

आणि ती पहिल्या रोपाला पाणी घालू लागली. नेहमीसारखं, ओंजळीनं, बुडाशी, जराही घाई न करता. जेसीबीवाल्यानं इंजिन बंद केलं. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. आप्पांनी कपाळावरचं भस्म पुसलं जाईल इतका घाम पुसला, मग म्हणाले, "जाऊ द्या. भाडं घेऊन जा रे." आणि उतरून दुकानाकडे गेले.

उचकटलेलं टोक दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंनी आणि अव्वानं मिळून बसवलं, असं मला नंतर कळलं. कोण कुणाच्या रानात आलं, याची चर्चा या वेळी कुणी केली नाही.

पुढचं सरकारी आहे, तेव्हा थोडक्यात सांगते. लाल जागी केशरी, केशरी जागी पिवळं झालेलं आमच्या विभागातलं ते एकमेव गाव निघालं, आणि तेही रंगाची मर्यादा न सरकवता. वरून विचारणा झाली. मी अहवालात कारण खरं लिहिलं : 'रस्ता होणार असल्याच्या गैरसमजातून ग्रामस्थांनी केलेली वृक्षलागवड व बांधबंदिस्ती.' वरिष्ठांनी ते खोडून 'प्रभावी जनजागृती व उत्स्फूर्त लोकसहभाग' केलं. गावात समारंभ झाला. शिवलिंगआप्पांना शाल, श्रीफळ आणि 'मृदामित्र' असं लिहिलेली पाटी मिळाली. आप्पा बोलायला उठले आणि मातीवर असे काही बोलले, की समोरच्या रांगेतल्या पाहुण्यांनी डोळे टिपले. अव्वा बायकांत मागे बसली होती, आणि सुशीलाबाई तिच्या शेजारी. दोघी कुठल्यातरी वेगळ्याच गोष्टीवर हसत होत्या.

मग हा 'प्रयोग' इतर तालुक्यांतही राबवावा, असं पत्र निघालं. औशाकडच्या एका तरुण अधिकाऱ्याचा मला फोन आला, "मॅडम, नेमकी कार्यपद्धती काय वापरली?" मी खरं सांगितलं. तो म्हणाला, "हे पत्रात कसं लिहायचं?" मला वाईट त्याचं वाटलं. आणि खरं सांगायचं तर बाकीच्या गावांचं. अफवा सगळीकडे पोचवणं काही माझ्या हातात नव्हतं, आणि खरी माहिती तर मी सगळीकडेच पोचवत होते. शेजारच्या गावाचा पट्टा मी निवृत्त झाले त्या वर्षीही खाली सरकतच होता. मी तो लाल रंगवला आणि वर पाठवला. वर नाश्ता झाला असेल.

निवृत्तीआधीच्या भाद्रपदात एकदा सलग झड लागली असताना मी त्या गावी गेले. कामाचं निमित्त नव्हतं. अशा दिवसांत उपग्रहाला काही दिसत नाही, म्हणून म्हटलं, आपणच बघून यावं. सुशीलाबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन घळीपाशी उभ्या होत्या. त्यांनी घळीत दगड रचून दोन-तीन छोटे आडवे बांध घातले होते. पाणी त्यावरून वाहत होतं. त्यांनी वाकून ओंजळीत घेतलं आणि मला दाखवलं. ओंजळीचा तळ दिसत होता.

वरच्या बांधावर छत्री घेऊन आप्पा उभे होते. सांडवा बघायला आले असावेत. खाली त्यांनी पाहिलं, मी दिसले, आणि शेजारी सुशीलाबाई दिसल्या. मग त्यांनी हाक मारली, माझ्याकडे नाही, आणि नोकराकरवीही नाही.

"सुशीलाबाई! पानी लई येऊन ऱ्हायलं का खाली?"

सुशीलाबाईंनी ओंजळ रिकामी केली, पदराला हात पुसले, आणि पावसातून ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाल्या,

"येऊन ऱ्हायलं, आप्पा! पर एकलंच येऊन ऱ्हायलं!"